तिकीट विकलं गेलं, माणूस आला नाही

प्रश्न: ‘मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करतोय. परवाच्या शनिवारी पहिल्यांदाच कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, सामना बघायला गेलो. समोरचा स्टँड निम्म्याहून जास्त रिकामा होता, हाफटाइमनंतर आमच्या विद्यार्थ्यांच्या भागातही शुकशुकाट, आणि मोठ्या स्क्रीनवर प्रेक्षकसंख्या झळकली ४१ हजार! हा आकडा येतो कुठून? आणि ज्या खेळाचं इतकं वेड आहे म्हणतात, तिथे जागा रिकाम्या का?’

आकडा खोटा नाही. फक्त तो मैदानात बसलेल्या माणसांचा नाही.

मी अशाच एका विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्स, म्हणजे क्रीडा, विभागात बरीच वर्षं तिकिटांचं काम बघतेय, म्हणून आतली बाजू सांगते. स्क्रीनवर येतो तो बहुतेक ठिकाणी ‘दिलेल्या’ तिकिटांचा आकडा असतो. त्यात विकलेली तिकिटं आली, प्रायोजकांना वाटलेली आली, खेळाडूंच्या घरच्यांची आली, आजूबाजूच्या शाळांना पाठवलेली आली आणि विद्यार्थ्यांनी फोनवर घेऊन ठेवलेलीही आली. काही विद्यापीठं तर बँडची मुलं, सुरक्षारक्षक, पत्रकार आणि पॉपकॉर्न विकणारे यांनाही त्यात धरतात. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची शिखर संस्था, हे आकडे गोळा करते, पण मोजायचं कसं ते ज्याचं त्याच्यावर सोडते. नाटकाच्या दाराशी हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो तो गल्ला बघून, आत शिरून डोकी मोजून कुणी लावत नाही. इथेही तेच.

गेटवर किती तिकिटं स्कॅन झाली, हा दुसरा आकडा. तो आमच्या संगणकावर मिनिटामिनिटाला हलत असतो आणि आपण होऊन बाहेर सांगायची पद्धत नाही. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने विद्यापीठांकडून आदल्या हंगामाचे स्कॅनचे आकडे मागवले, तेव्हा जाहीर संख्येच्या सरासरी ७१ टक्केच लोक आत गेलेले निघाले. बाहेर बातमी झाली. तिकीट विभागांत कुणाची भुवईसुद्धा वर गेली नाही. तुमच्या ४१ हजारांना हाच हिशेब लावला तर २९ हजार होतात. त्यातले काहीजण पार्किंग लॉटमधल्या टेलगेटवर, म्हणजे सामन्याआधी गाडीपाशी रंगणाऱ्या पार्टीत, बर्गर संपवून दुसऱ्या क्वार्टरला आले असतील, काही हाफटाइमला उठले असतील. म्हणजे कुठल्याही एका क्षणी बाकांवर त्याहूनही कमी.

आकडा फुगवण्यामागे निव्वळ हौस नव्हती, नियमही होता. सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये राहायचं तर घरच्या सामन्यांना दोन वर्षांच्या सरासरीने १५ हजार प्रेक्षक हवेत, अशी एनसीएएची अट होती. ‘प्रत्यक्ष हजर किंवा पैसे भरून घेतलेली तिकिटं’, दोन्हींपैकी काहीही चाले. मग लहान विद्यापीठांनी जे करायचं तेच केलं: प्रायोजकाच्या पैशातून स्वतःचीच तिकिटं नाममात्र दरात घ्यायची आणि आकडा गाठायचा. २०२३ मध्ये ही अट काढून टाकली आणि त्याऐवजी वर यायचं प्रवेशशुल्क ५ हजार डॉलरवरून थेट ५० लाखांवर नेलं. निदान सोंग तरी संपलं.

समोरचा स्टँड रिकामा दिसला म्हणता, तर तुम्ही कुठे बसला होतात ते आठवा. बहुतेक मैदानं उत्तर-दक्षिण आखलेली असतात. पश्चिमेच्या बाजूला प्रेस बॉक्स आणि महागड्या जागा, कारण दुपारी ऊन पाठीमागून येतं. पूर्वेचा स्टँड सगळी दुपार सूर्याकडे तोंड करून. सप्टेंबरात तिथली अ‍ॅल्युमिनियमची बाकं इतकी तापतात की हाफ पँट घालून आलेला माणूस बसता बसता उठतो. नंबर रंगवलेली जागा फक्त १८ इंच रुंद, शेजारी सहा फुटी गृहस्थ, घाम, आणि पाण्याची बाटली पाच डॉलरची. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तिथले निम्मे लोक जिन्याखालच्या सावलीत पंख्यापाशी उभे असतात. ते हजर आहेत, स्कॅन झालेले आहेत, पण बाकावर नाहीत. आणि टीव्हीचा मुख्य कॅमेरा पश्चिमेच्या प्रेस बॉक्सवर असतो, म्हणजे तो दिवसभर याच पूर्वेकडच्या बाकांकडे बघत बसतो. घरी बसलेल्याला वाटतं, मैदान ओस पडलंय. आमच्याकडे दर हंगामात यावर बैठक होते आणि दर हंगामात कुणीतरी मोफत तिकिटं देऊन कॅमेऱ्यासमोरचा भाग भरायची सूचना करतं. उन्हात फुकट बसायला तरी कोण येणार?

ही झाली दिसण्याची गोष्ट. खरी काळजी वेगळ्या रिकाम्या जागेची. न विकलेली जागा आम्हाला आधीच माहीत असते; दर कमी करा, ऑफर काढा, निदान इलाज सुरू करता येतो. पण विकलेली आणि तरीही रिकामी राहिलेली जागा फसवी. पैसे आलेले असतात, म्हणून वरिष्ठ खूश. माझ्या अनुभवात ज्याच्या सीझन तिकिटावर एका हंगामात दोन-तीनच स्कॅन पडतात, तो पुढच्या वसंतात नूतनीकरणाचा ईमेल उघडतसुद्धा नाही. आज न आलेला माणूस म्हणजे पुढच्या वर्षी न विकलेलं तिकीट. म्हणून मी जाहीर आकड्याकडे बघत नाही, अनुपस्थितांच्या यादीकडे बघते.

माणूस तिकीट घेऊन का येत नाही? सीझन तिकिटात सहा-सात सामने येतात. त्यातले दोन त्याला बघायचे असतात, बाकीचे गळ्यात पडतात. सप्टेंबरात मोठी विद्यापीठं खालच्या पातळीवरच्या संघांना पैसे देऊन हरायला बोलावतात. कधीकधी पाहुणा ऐकत नाही: २००७ मध्ये अ‍ॅपलाचियन स्टेटने ४ लाख डॉलर घेतले आणि मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवून गेले. पण एरवी निकाल ठरलेला. असा सामना, ३५ अंशांचं ऊन, आणि तेच तिकीट रीसेलच्या अ‍ॅपवर आठ डॉलरला. विकायचा त्रासही कुणी घेत नाही, फोनमध्ये तसंच पडून राहतं.

मिशिगनचं नाव निघालंच आहे तर २०१४ सालची त्यांची गोष्ट सांगते, कारण एकाच हंगामात सगळं दिसतं. अ‍ॅन आर्बरच्या त्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून जास्त. १९७५ पासून तिथे घरच्या प्रत्येक सामन्याला लाखावर प्रेक्षक जाहीर होत आलेत. अपवाद फक्त कोविडच्या २०२० चा, तेव्हा प्रेक्षकांनाच बंदी होती. २०१३ मध्ये नोत्र दामच्या सामन्याला १,१५,१०९ चा विक्रम झाला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा काढून ‘जो आधी येईल तो पुढे बसेल’ अशी पद्धत आणली. हेतू हा की पोरं वेळेवर यावीत. झालं उलटं. चौथ्या वर्षाच्या मुलांनी तीन वर्षं मागे बसून मिळवलेल्या पुढच्या जागा एका फटक्यात गेल्या, आणि दहा मित्रांना एकत्र बसायचं तर सगळ्यांनी पहाटे उठायचं. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या सीझन तिकिटाचा दर ३०० डॉलरच्या घरात होता, आणि नेमकं त्याच वर्षी नोत्र दाम, मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट हे तिन्ही जिव्हाळ्याचे वैरी बाहेरच्या मैदानांवर. विद्यार्थ्यांची तिकीटविक्री जवळपास ४० टक्क्यांनी घसरली. सप्टेंबरात मिनेसोटाच्या सामन्याआधी कोकच्या दोन बाटल्यांवर दोन तिकिटं अशी ऑफर निघाली आणि बोंबाबोंब झाल्यावर लगेच गुंडाळली. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. ऑक्टोबर संपताना अ‍ॅथलेटिक्सच्या संचालकांनी राजीनामा दिला आणि पुढच्या हंगामासाठी विद्यार्थ्यांचा दर १७५ डॉलरवर आणला.

या सगळ्या गोंधळात लाखाची मालिका मात्र कागदावर अखंड राहिली. कुणी फक्त तोच आकडा बघत बसलं असतं तर त्याला काही बिघडलंय याचा पत्ताही लागला नसता.

नेब्रास्काची हाऊसफुल्ल मालिका याहून जुनी, १९६२ ची. चारशेहून जास्त सामने. संघ वर्षानुवर्षं हरत असताना ती कशी टिकली? उरलेली तिकिटं देणगीदार उचलतात. २०२१ पासून अशी तिकिटं गरजू मुलांना देण्याची योजनाच आहे. याला मी नावं ठेवणार नाही; मैदानात पोर येतं, हे प्रायोजकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या तिकिटापेक्षा कितीतरी बरं. पण ती मागणी आहे असं समजू नये.

आता टीव्ही. ‘घरी मोठा स्क्रीन आहे म्हणून लोक येत नाहीत’ हे जो तो सांगतो, आणि ही भीतीही जुनीच आहे. १९५१ मध्येच एनसीएएने गर्दी घटेल म्हणून सामन्यांच्या प्रक्षेपणावर बंधनं घातली होती. ती १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात मोडली. त्यानंतर टीव्हीवर सामन्यांचा पूर आला, तरीही पुढची वीसेक वर्षं स्टेडियमं वाढतच गेली. तेव्हा नुसत्या प्रक्षेपणाने माणूस घरी बसतो, हे मला पटत नाही. टीव्हीने आमचं खरं नुकसान केलं ते वेळापत्रकात. सामना कुठल्या शनिवारी हे वर्षभर आधी कळतं, पण किती वाजता हे अनेकदा बारा दिवस आधी, कधीकधी सहाच दिवस आधी. तीन तासांवरून गाडी हाकत येणाऱ्या कुटुंबाने हॉटेल घ्यायचं की नाही? सकाळी ११ ची वेळ पडली तर पहाटे निघायचं, रात्री ८ ची पडली तर मध्यरात्री दोनला घरी.

मिड-अमेरिकन कॉन्फरन्सकडे बघा. ओहायो-मिशिगनच्या पट्ट्यातली ही मध्यम विद्यापीठं नोव्हेंबरात मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतात, कारण तेव्हा ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर जागा मोकळी असते. गोठवणारा वारा, दुसऱ्या दिवशी नोकरी आणि परीक्षा. बाकं रिकामी राहणार हे करारावर सही करतानाच सगळ्यांना माहीत असतं. त्या रिकाम्या जागा विकत घेतल्यात टीव्हीनेच.

आणि मैदानात बसलेल्याने टीव्हीसाठी ताटकळायचं. पुढच्या वेळी गेलात की साइडलाइनवर लाल टोपी किंवा लाल बाह्यांचा एक माणूस शोधा. जाहिरात सुरू झाली की तो आत येऊन उभा राहतो. तो हटल्याशिवाय चेंडू हलत नाही. घरचा प्रेक्षक तेवढ्यात फ्रिजपर्यंत जाऊन येतो, दुसऱ्या सामन्याचा स्कोअर बघतो. मैदानातला माणूस अकरा धडधाकट पोरांना कमरेवर हात ठेवून उभं असलेलं बघतो. सामना सव्वातीन तासांच्या पुढे जातो तो यामुळे. २०२३ पासून फर्स्ट डाउनला, म्हणजे संघ दहा यार्ड पुढे सरकून नवी संधी मिळवतो तेव्हा, घड्याळ थांबवणं बंद केलं, फक्त प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून. त्याने थोडा फरक पडला, पण लाल टोपी तिथेच आहे.

तुमच्या विद्यार्थ्यांच्या भागाचं म्हणाल तर हाफटाइमला निघून जाणं हा जुना आजार, आणि तो जिंकणाऱ्यांनाही आहे. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी विद्यार्थी लवकर जातात म्हणून जाहीर नाराजी दाखवली. २०१९ मध्ये विद्यापीठाने फोनवरून ठावठिकाणा टिपणारं अ‍ॅप काढलं: आलात तर १०० गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर आणखी २५०, आणि जास्त गुणवाल्यांना मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. त्या सप्टेंबरात न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध निकाल काय, तर ६२-१०. भर उन्हात हा सामना शेवटपर्यंत बघायला एकोणीस वर्षांच्या मुलाला फोनवर पहारा लावावा लागत असेल, तर मला दोष मुलात दिसत नाही. प्रतिस्पर्धी निवडणाऱ्यात दिसतो. शिवाय विद्यार्थ्याचं तिकीट फुकट किंवा फीमध्ये धरलेलं असेल तर न येण्याची किंमत शून्य. मित्र येतोय का, एवढ्यावरच सगळं ठरतं. दहा जणांच्या टोळीतले तिघे उठले की उरलेले सातही उठतात. विद्यार्थ्यांच्या गेटवरचं चित्र मी असंच बघत आले आहे. सामना सुरू होण्याआधीच्या अगदी शेवटच्या वीस मिनिटांत रांगेत घुसतात, तेही घोळक्याने.

आपल्या एमएसच्या मुलांचं गणित याहून सोपं. पहिल्या वर्षी एकदा यायचं, टी-शर्ट घालून फोटो काढायचा, नियम कळले नाहीत म्हणून परत यायचं नाही. आमच्याकडे एका वर्षी ऑगस्टमध्ये नव्या परदेशी विद्यार्थ्यांना रिकाम्या मैदानावर बोलावून तासभर नियम समजावले. त्यातले बरेच नंतर गटाने दिसले. खर्च काय, तर पिझ्झाचा.

स्टेडियम कुठे आहे यानेही फरक पडतो, हे यूसीएलएला विचारा. विद्यापीठ लॉस एंजेलिसच्या वेस्टवूडमध्ये, आणि १९८२ पासून घरचे सामने पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये, शहराच्या वाहतुकीतून चाळीसेक किलोमीटरवर. ३ सप्टेंबर २०२२ ला हंगामाचा पहिला सामना होता, बोलिंग ग्रीनविरुद्ध. उष्णतेची लाट, किकऑफ, म्हणजे सामन्याची सुरुवात, सकाळी साडेअकराला, आणि तिथे शिक्षणवर्षाची चार सत्रांची क्वार्टर पद्धत असल्याने वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात, म्हणजे विद्यार्थी गावातच नव्हते. जाहीर आकडा २७,१४३. यूसीएलए तिथे खेळायला लागल्यापासूनचा नीचांक. त्या दिवशीच्या रिकाम्या बाकांवर टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी विद्यापीठाचं कॅलेंडर उघडून बघितलं होतं कुणास ठाऊक.

पैशाचा एक धागा फारसा कुणी धरत नाही. चांगल्या जागेचा हक्क मिळावा म्हणून तिकिटाशिवाय वेगळी ‘देणगी’ द्यावी लागते, आणि त्या देणगीच्या ८० टक्क्यांवर पूर्वी करसवलत मिळायची. २०१७ च्या करकायद्याने ती काढली. पन्नाशी-साठीतले जुने सीझन तिकीटवाले त्याच सुमारास हिशेब करायला बसले, यात मला नवल वाटलं नाही. २०१८ मध्ये एफबीएसची सरासरी ४२ हजारांच्या खाली उतरली, १९९६ नंतरची सर्वांत कमी. दोष सगळा कराचा नाही, पण त्या माणसाला थांबायला जे एक कारण होतं तेही गेलं. आता २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. तो पैसा शोधताना सर्वांत आधी हात जातो तिकिटाच्या दराकडे. मी त्या बैठकांत असते आणि मला त्याची धास्ती वाटते.

मग करायचं काय? जिंकणं हा उत्तम इलाज आहेच. कोलोराडो २०२२ मध्ये बारापैकी एक सामना जिंकलं; पुढच्या वर्षी एकेकाळचे नामवंत खेळाडू डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले आणि घरचे सगळे सामने हाऊसफुल्ल. पण प्रत्येक सामन्यात एकजण हरतोच, त्यामुळे हा इलाज सगळ्यांना एकदम लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर जागा कमी करा. टेंपीला अ‍ॅरिझोना स्टेटने ७१ हजारांचं स्टेडियम नूतनीकरणात ५३ हजारांच्या आसपास आणलं. नॉर्थवेस्टर्नने ४७ हजारांचं पाडून ३५ हजारांच्या आसपासचं बांधायला घेतलं. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ टँपातल्या ६५ हजारांच्या भाड्याच्या मैदानातून आपल्या आवारातल्या ३५ हजारांच्या मैदानात जायच्या तयारीत आहे. जागा कमी झाल्या की तिकीट आधी घ्यावं लागतं, आणि आधी घेतलेल्या तिकिटाला माणूस जास्त येतो. खाण्याचे दर खाली आणा. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमने २०१७ मध्ये ते जवळपास निम्मे केले तर माणशी खर्च उलट वाढला. पूर्वेकडच्या बाजूला सावली आणि फुकट पाणी द्या. या साध्या गोष्टींना निधी मिळत नाही, कारण नव्या स्क्रीनवर देणगीदाराचं नाव लिहिता येतं, नळावर येत नाही.

राहिला तुमच्या त्या शनिवारचा खरा आकडा. तुमचं विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखा सार्वजनिक नोंदींचा कायदा त्याला लागू असतो. नॉर्थवेस्टर्न किंवा मायामीसारख्या खासगी विद्यापीठांना तो नाही. विद्यापीठाच्या वेबसाइटवर सार्वजनिक नोंदींच्या कार्यालयाचा फॉर्म असतो. त्यात नुसतं ‘अटेंडन्स’ मागू नका, स्क्रीनवरचा आकडाच परत मिळेल. ‘स्कॅन झालेली तिकिटं, सामन्यागणिक, गेटनिहाय, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत’ असं लिहा, आणि विद्यार्थ्यांच्या गेटचा आकडा वेगळा मागा. काही राज्यांत अर्जदार त्या राज्याचा रहिवासी असावा लागतो, काही ठिकाणी किरकोळ शुल्क पडतं. फाइल आली की किकऑफची वेळ शोधा आणि विद्यार्थ्यांच्या गेटवर त्याआधी किती स्कॅन पडले, त्यानंतर किती, ते बघा.